वाक्याला वाक्य जोडताना

शाळकरी निबंधात ‘तसेच’ हा शब्द पानोपानी भेटतो. घरात, बाजारात, एसटीत किंवा भांडणात तो कधी ऐकू येत नाही. नवऱ्यावर चिडलेली बाई ‘तसेच तुम्ही दळण आणले नाही’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘आणि वर दळण आणलं नाहीत ते नाहीतच!’ मुलेही खेळताना ‘मग’, ‘तर’, ‘नाहीतर’, ‘म्हणून तर’ हे शब्द जिथल्या तिथे वापरतात. वही उघडली, की मात्र ‘तसेच’ सुरू होते. शब्द वाईट नाही. तो फारसे काही सांगत नाही, एवढाच त्याचा दोष. आधी एक गोष्ट होती, आता दुसरी आहे, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

आमच्या नवापूर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत पावसाळ्यात लिहिला जाईल असा एक उतारा घेऊ. ‘काल रात्री खूप पाऊस झाला. तसेच रंगावली नदीला पूर आला. तसेच पुलावर पाणी होते. तसेच शाळेला सुट्टी मिळाली. तसेच मी भात लावायला गेलो.’ शुद्धलेखन ठीक, व्याकरण ठीक, गुणही मिळतील. पावसाचा पुराशी, पुराचा शाळेशी आणि सुट्टीचा भातलावणीशी काय संबंध आहे, हे त्या मुलाला पक्के ठाऊक आहे. ते तेवढे कागदावर आलेले नाही. हाच मुलगा दुसऱ्या दिवशी मित्राला सांगेल, ‘रात्रभर पाऊस, म्हणून नदीला पूर. पुलावरून पाणी चाललं होतं, त्यामुळे शाळा भरलीच नाही. मग काय, बाबांनी भात लावायला नेलं.’ सुट्टीचा आनंद किती वेळ टिकला, ते त्या ‘मग काय’वरून समजते. मुलाकडे भाषा आहे आणि विचारही आहे. तोंडातून वहीत येताना वाटेत नेमके जोडकाम गळते.

हे पुस्तक त्या जोडकामाविषयी आहे. व्याकरणात या शब्दांना उभयान्वयी अव्यये म्हणतात. पण वाक्ये जोडण्याचे काम केवळ तीच करत नाहीत. ‘मग’, ‘तेव्हा’ ही क्रियाविशेषणे, ‘मुळे’, ‘ऐवजी’, ‘शिवाय’ ही शब्दयोगी अव्यये, ‘असूनही’, ‘गेल्यावर’ अशी धातुसाधिते, इतकेच काय, शब्दाच्या शेपटीला लागणारे ‘च’ आणि ‘ही’सुद्धा त्याच कामावर असतात. या सगळ्यांना मिळून ‘जोडशब्द’ म्हणावे असे वाटले होते. पण शाळेत जोडशब्द म्हटले, की ‘केरकचरा’ आणि ‘भाजीपाला’ आठवतात. म्हणून या पुस्तकात त्यांना सरळ ‘दुवे’ म्हटले आहे.

असे पुस्तक नवापुरात का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातले, गुजरातच्या हद्दीला टेकलेले तालुक्याचे गाव. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सुरत–भुसावळ मार्गावरच्या आमच्या स्टेशनातूनच सीमा गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाक असा आहे, की अर्ध्या भागावर बसलेला माणूस महाराष्ट्रात असतो आणि उरलेल्या अर्ध्यावरचा गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. या बाकाचे फोटो देशभर फिरले आहेत, तेव्हा दुव्यांवरच्या पुस्तकात लेखक त्याची उपमा देणार असे वाचकाने गृहीतच धरले असेल. उपमा देतो, पण थोडी निराळी. तो बाक दोन राज्यांना जोडत नाही. तो नुसता दोन्हीकडे असतो. ‘आणि’ हा शब्द पुष्कळदा तेवढेच करतो. दोन वाक्यांना तो शेजारी बसवतो. त्यांचे एकमेकांशी नाते काय, याविषयी गप्प राहतो.

गावात आणि भोवतालच्या पाड्यांवर मावची, कोकणी, भिल्ली या आदिवासी बोली, शिवाय अहिराणी आणि गुजराती ऐकू येतात. बहुतेक मुलांना पुस्तकी मराठी प्रथम शाळेतच भेटते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात भिल्ली भाषांचा खंड १९०७ साली निघाला. त्यात मावचीची नोंद आहे. त्या सर्वेक्षणात भाषेमागून भाषेत एकच गोष्ट उतरवून घेतलेली आहे: बायबलमधली उधळ्या मुलाची. धाकटा वाटणी मागतो, घर सोडतो, पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, उपासमार होते, तो परत येतो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसतो. नमुना म्हणून ही गोष्ट सोयीची ठरते. तिच्यात क्रम आहे, कारण आहे, विरोध आहे, शर्त आहे. म्हणजे ती सांगताना भाषेला आपले जवळजवळ सगळे दुवे बाहेर काढावे लागतात. पाड्यावरच्या आजीला गोष्ट सांगता येते, याचा अर्थ तिच्या भाषेत हे सगळे आहेच. म्हणून मावची घरातला मुलगा दुव्यांविषयी कोरा असतो, ही समजूत टाकून द्यावी. त्याला संबंध शिकवायचे नसतात, त्या संबंधांसाठीचे मराठी शब्द तेवढे द्यायचे असतात.

शेजारची भाषा मदत करते तशी कधी पायातही येते. गुजरातीत ‘पण’ दोन कामे करतो. ‘परंतु’ हे एक. दुसरे मराठी ‘ही’ किंवा ‘सुद्धा’चे. ‘हुं पण आवीश’ म्हणजे मीही येईन. नवापूरच्या मुलाच्या वहीत ‘पाऊस पण आला’ असे दिसते, तेव्हा पाऊससुद्धा आला म्हणायचे आहे, की ‘पण पाऊस आला’ असे म्हणायचे आहे, ते पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. याचा सगळा दोष सीमेला देऊन चालणार नाही. ‘मी पण येतो’ हे पुण्यातली मुलेही सर्रास म्हणतात. बोलताना स्वराने निभावते. लिहिताना ‘पण’ वाक्याच्या आधी आहे की नामाच्या मागे, यावर सगळा अर्थ टांगलेला असतो.

आता खरा मुद्दा. दुवा हा वाक्याचा अलंकार नव्हे. दुवा म्हणजे विधान, आणि त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. हे समजायला आमच्या गावाचेच उदाहरण पुरेसे आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचे नाव एका दिवसात देशभर झाले. इथल्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मरत होत्या. पोल्ट्रीवाले म्हणत होते, हा कोंबड्यांचा राणीखेत रोग आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुन्यांत एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले, आणि भारतातल्या बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक म्हणून नवापूरची नोंद झाली. परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. माणसांचेही नमुने तपासले गेले; एकालाही लागण झाल्याचे आढळले नाही.

हीच माहिती घेऊन दोन वाक्ये करू. ‘कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू आढळला.’ यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लिहिणारा कशालाच बांधलेला नाही. ‘कोंबड्या मेल्या, कारण बर्ड फ्लू आला होता.’ इथे लेखकाने निदान केले. आता पुरावा मागितला तर तो द्यावा लागेल. ‘पोल्ट्रीवाले राणीखेत म्हणत होते, पण प्रयोगशाळेला बर्ड फ्लू सापडला’ या वाक्यात लेखक प्रयोगशाळेच्या बाजूला उभा आहे. तेच उलटे फिरवा: ‘प्रयोगशाळेला बर्ड फ्लू सापडला, पण पोल्ट्रीवाले राणीखेतच म्हणत होते.’ माहितीत कणभरही फरक नाही, तरी वाचकाच्या मनात शंका राहिली. ‘पण’च्या पुढचे वाक्य वजनदार होते, मराठीत शेवटचा शब्द त्याचाच असतो.

अजून एक जोडी पाहा. बर्ड फ्लूच्या बातमीनंतर देशभर चिकनचा आणि अंड्यांचा खप घसरला. ‘नवापुरात बर्ड फ्लू निघाला, म्हणून लोकांनी चिकन सोडले.’ यात लोकांची भीती साहजिक ठरते. ‘नीट शिजवलेल्या कोंबडीपासून लागण होत नाही, तरी लोकांनी चिकन सोडले.’ यात तीच भीती अडाणी ठरते. ‘म्हणून’ आणि ‘तरी’ दोन्ही खरे. कुठला लिहायचा, हे व्याकरण सांगत नाही. लिहिणाऱ्याला ते ठरवावे लागते, आणि ठरवल्यावर ते त्याचे मत होते. त्या दिवसांत या एका शब्दावर कित्येकांचे धंदे अवलंबून होते.

याहून बोचरे उदाहरण रोजच्या बोलण्यात सापडते. ‘मुलगा आदिवासी आहे, पण हुशार आहे.’ कौतुकाने उच्चारलेले हे वाक्य आमच्या भागात जन्मलेल्या बहुतेकांनी केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. ‘मुलगा आदिवासी आहे’ यात अपमान नाही. ‘हुशार आहे’ यात तर नाहीच. अपमान त्या दोन अक्षरी ‘पण’मध्ये आहे, कारण पहिली गोष्ट असली की दुसरी सहसा नसते, असे तो न बोलता गृहीत धरतो. ‘मुलगी असूनही चांगली शिकली’मधला ‘असूनही’ याच जातीचा. माणसाचे पूर्वग्रह त्याच्या नामांत आणि विशेषणांत शोधू नयेत, तिथे तो सावध असतो. त्याचे दुवे तपासावेत.

इतके असूनही आपल्याकडे हा विषय शिकवला जातो तो पाठांतराचा म्हणून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ साली. त्या परंपरेतून आलेले प्रकार स्पर्धा परीक्षेला बसलेले कोणीही घडाघडा म्हणून दाखवील: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, मग गौणत्वाचे स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. वर्गवारी चांगली आहे. अडचण ती पाठ करण्याच्या रीतीत आहे. ‘म्हणून’ हा एकच शब्द परिणामात येतो, उद्देशात येतो आणि स्वरूपातही येतो. ‘पाऊस पडला म्हणून गेलो नाही’, ‘गुण मिळावेत म्हणून अभ्यास केला’, ‘राजू म्हणून एक मुलगा होता’. कोणत्या वेळी तो कोणते काम करतो आहे, हे यादी सांगत नाही. वाक्यच सांगते.

अलीकडे दुसऱ्या प्रकारच्या याद्या आल्या आहेत. इंग्रजी निबंधासाठी केलेल्या यादीचे शब्दशः भाषांतर करून ‘याव्यतिरिक्त’, ‘दुसऱ्या बाजूला’, ‘निष्कर्षतः’ असे शब्द मुलांना दिले जातात आणि प्रत्येक परिच्छेद यांतल्या एकाने सुरू करावा, असे सांगितले जाते. त्यातून तयार होणारा निबंध वरून मराठी दिसतो आणि आतून परका असतो. मराठीचे जोडकाम बरेचसे क्रियापदातच होते. ‘तो घरी गेला आणि त्याने जेवण केले आणि तो झोपला’ असे मराठी माणूस बोलत नाही. ‘तो घरी जाऊन, जेवून झोपला’ असे बोलतो. तो ‘ऊन’ हाच दुवा. ‘घंटा होताच’, ‘पाऊस थांबेपर्यंत’, ‘गाडी चुकल्यामुळे’, ‘सांगितल्यावरसुद्धा’ यांत क्रम, मुदत, कारण, विरोध सगळे आले आणि स्वतंत्र अव्यय एकही लागले नाही. या ‘ऊन’ला एक अट आहे. दोन्ही क्रियांचा करणारा सहसा एकच असावा लागतो. ‘मी वर्गात जाऊन गुरुजी रागावले’ हे मराठी नव्हे. ‘मी वर्गात गेल्यावर गुरुजी रागावले’ हे मराठी. हा नियम घरची भाषा मराठी असलेल्या मुलाला कोणी शिकवत नाही, तो ऐकून येतो. आमच्याकडे तो शिकवावा लागतो, म्हणून त्यावर पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे.

‘च’, ‘ही’ आणि ‘तर’ यांनाही पुस्तकात जागा दिली आहे. ‘त्याने सांगितले’ हे वाक्य एकटे उभे राहू शकते. ‘त्यानेही सांगितले’ म्हणताच आधी कोणीतरी सांगितलेले असते. ‘त्यानेच सांगितले’ म्हणताच दुसऱ्या कोणावर तरी संशय घेतलेला असतो. ‘त्याने तर सांगितले’ म्हटले, की न सांगणारा कोणीतरी समोर बसलेला असतो. एकदोन अक्षरांनी मागचे न लिहिलेले वाक्य ओढून आणण्याची ही सोय मराठीला फुकट मिळाली आहे, आणि भाषांतरित याद्यांत तिला जागा नाही.

दुव्यांवर जुन्या मराठीची भिस्त आजच्याहून जास्त होती, आणि त्याला कारण आहे. मोडीत लिहिलेल्या कागदाला विरामचिन्हे नसत, शब्दांमध्ये जागाही नसे. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, म्हणजे ती एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. त्याआधी वाक्य कुठे संपले, हे वाचणाऱ्याला ‘ऐसियास’, ‘त्यास’, ‘मग’, ‘सबब’, ‘येणेप्रमाणे’, ‘कळावे’ या शब्दांवरून समजे. आपण ज्यांना जुनाट सोपस्कार समजतो, ते शब्द पूर्णविरामाची आणि नव्या परिच्छेदाची नोकरी करत होते. बखरीतल्या ‘मग’ला आणि ‘लीळाचरित्रा’तल्या ‘मग’ला म्हणूनच हसू नये. ज्ञानेश्वरांना तर विषय बदलायला ‘हें असो’ इतके पुरे होते. ‘ज्ञानेश्वरी’पासून, म्हणजे १२९० पासून चालत आलेला तो दुवा आजही ‘असो’ या रूपात आपल्या तोंडी आहे. नको त्या विषयातून सभ्यपणे बाहेर पडायला याहून चांगला शब्द मला माहीत नाही.

सरकारी मराठीने यांतले काही शब्द जपले, पण त्यांचे काम विसरून. पोलीस ठाण्यातला जबाब पाहा. कित्येक ओळी एकच वाक्य चालते आणि शेवटी ‘सबब माझी कायदेशीर तक्रार आहे’ असे येते. इथला ‘सबब’ निदान प्रामाणिक आहे. वर सांगितले त्यावरून खाली मागणे. अधिसूचनेतली ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ ही जोडीही तर्काला धरून आहे. पण कार्यालयीन पत्रातले ‘तथापि’, ‘तद्नंतर’, ‘तसेच सदर बाबत’ हे बहुधा लिहिणाऱ्याला पुढचे वाक्य सुचेपर्यंत जागा धरून ठेवतात. ग्रामसभेचा ठराव लिहिणाऱ्या तरुणांनी या पुस्तकातले अर्जविनंतीचे प्रकरण जरूर पाहावे. रस्त्याचा अर्ज ‘तसेच’वर चालत नाही. रस्ता नाही, म्हणून पावसाळ्यात गाडी पाड्यापर्यंत येत नाही, परिणामी बाळंतिणीला झोळीत घालून न्यावे लागते: इतकी साखळी अर्जात दिसली, की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मग मी काय करू’ असे म्हणायला जागा कमी उरते.

दुवे किती असावेत, याला माप नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि जॉन्सन-मेकॉलेच्या वळणाची लांब, ‘जरी-तरी’ने बांधलेली वाक्ये मराठीत आणली. वाद घालायला तसेच वाक्य लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे ‘जरी’मध्ये मान्य करून ‘तरी’मध्ये उलटवता येते. त्याउलट आमच्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तिची वाक्ये आखूड आहेत आणि पुष्कळदा दुव्यावाचून एकापुढे एक येतात. तिथे आईने काय केले आणि श्यामला काय वाटले, यांच्यामधला ‘म्हणून’ वाचक स्वतःच घालतो. घालायला जागा राहिली आहे, म्हणून तर ते पुस्तक रडवते. मुद्दा मांडताना दुवा दाखवावा, भावना सांगताना तो शक्यतो लपवावा, असे माझे मत आहे. ते सगळ्यांना पटेल असे नाही.

शिक्षकांना एक विनंती. हे पुस्तक हातात आल्यावर त्यातले शब्द फळ्यावर उतरवून मुलांकडून पाच-पाच वेळा लिहून घेऊ नका. आधी एखाद्या मुलाला काल घडलेली गोष्ट तोंडी सांगायला लावा. मावचीत, अहिराणीत, गुजरातीत, जशी येईल तशी. इतर मुलांनी फक्त जोडणारे शब्द टिपायचे. मग त्या शब्दांना मराठीत काय म्हणतात, ते मुलांनाच विचारा, आणि तीच गोष्ट वहीत लिहायला सांगा. निबंध तपासताना ‘तसेच’ दिसला, तर त्यावर लाल रेघ ओढण्याआधी समासात एकच प्रश्न लिहा: ‘कसे काय?’ उत्तर मुलाकडे असते. ते वहीत लिहून घ्या आणि त्याला गुण द्या.